हरणी, काबरी आणि एकूण शेळी एक

कुलदीप राठोडला अखेर टायपिंगची बॅच मिळाली. सकाळची. मराठी, तीसचा स्पीड.

तसं काही झालंच नाही असं धरून आपण सुरुवात करू. कुलदीपही तसंच धरून चालतो. तांड्यावर कुणी विचारलंच तर "सध्या की-बोर्डवर काम चालू आहे" एवढंच सांगतो, आणि ते खोटंही नाही.

तर कुलदीप जवळा बाजारला अमरसिंग सरांच्या क्लासमध्ये प्रोग्रामिंग शिकवायचा. क्लास खताच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. तिथून शिकून बाहेर पडलेल्या पोरांना युरियाचा वास जन्मभर ओळखता येतो. प्रोग्रामिंगबद्दल तशी हमी देता येत नव्हती. त्याआधी कुलदीप पुण्यात एका कंपनीत होता. कंपनीनं एका ईमेलमध्ये कळवलं की आपण सगळे एक कुटुंब आहोत, आणि पुढच्या ईमेलमध्ये त्याला वेगळं काढलं. तो परत आला. त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, जिवनबाईनं, तांडाभर सांगितलं, "लेकराला तिकडची हवा मानवली न्हाई." मग ही बॅच सुरू झाली आणि तांडा त्याला 'सर' म्हणू लागला. आता ही बॅच तेवढी उरली होती, जिच्या जोरावर तो स्वतःला प्रोग्रामर म्हणवून घेऊ शकत होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, सगळ्यांना माहीत होतं.

आणि ही बॅच रेफरन्सपाशी येऊन अडकली.

प्रकरण तसं साधं आहे. प्रोग्राममध्ये एखादी वस्तू तयार केली की ती मेमरीत कुठंतरी जाऊन बसते. आपण तिला 'अ' हे नाव देतो. पुढं 'ब बरोबर अ' असं लिहिलं की माणसाला वाटतं, आता वस्तू दोन झाल्या. झालेल्या नसतात. वस्तू एकच, नावं दोन. 'ब'मध्ये काही बदललं की 'अ'मध्येही ते बदललेलं दिसतं. एवढंच. हे एवढंच आजवर कुणालाही पहिल्या फटक्यात समजलेलं नाही, आणि ज्यांना समजलं ते पुण्याला निघून जातात.

कुलदीपनं आधी चहानं समजावलं. "हा कप 'अ'चा. आता हाच कप 'ब'चाही."

पहिल्या बाकावरचा प्रज्ञेश उठला आणि चहा पिऊन टाकला. "सर, मी 'ब' हाय. पिलो. आता 'अ'चा कप बी रिकामा. बराबर?"

"बरोबर."

"मग पुन्हा दाखवा की सर. मागच्या बाकावरच्यांला दिसलं न्हाई."

मागच्या बाकावरच्यांना आठवडाभर दिसलं नाही. चहावाला खूश होता, रेफरन्स जिथल्या तिथं होता.

घरी त्याच्या बापानं, पुनमचंदनं, वेगळी वाट सुचवली. "त्यात काय तकलीफ हाय? माझ्या मोबाईलमध्ये तुझ्या मामाचा एकच नंबर दोन नावानं हाय. एक 'मामा'. एक 'उचलू नको'. फोन एकच येतो." उदाहरण चोख होतं. कुलदीपनं ते वर्गात सांगितलं. उरलेला तास पोरांनी एकमेकांचे मोबाईल हिसकावून कोण कोणाच्या फोनमध्ये कोणत्या नावानं आहे हे बघण्यात घालवला, आणि त्यातून दोन जुन्या मैत्र्या कायमच्या तुटल्या. शेजारच्या पार्वतीबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून टाकायला सांगितली. कुलदीपनं तेही केलं. सगळ्या उपायांत तोच एक निरुपद्रवी निघाला.

मग अमरसिंग सर वर आले. ते मूळचे टायपिंगचे. प्रोग्रामिंगवर त्यांचा राग नव्हता, फक्त विश्वास नव्हता. पोरं शांत बसून स्क्रीनकडं बघतात आणि खडखड ऐकू येत नाही, म्हणजे शिक्षण चालू आहे हे ओळखायचं कसं, असा त्यांचा रास्त प्रश्न होता.

"राठोड," ते म्हणाले, "शनिवारी मी स्वतः येऊन पोरांला विचारणार. सांगितलं त्यांनी तर बॅच चालू. न्हाई सांगितलं तर सकाळची टायपिंग तुमच्याकडं. माझी बी जरा झोप होईल."

त्याच संध्याकाळी याडीनं त्याला नर्मदाबाईकडं पिटाळलं. "हरणी कशी हाय बघून ये. ते म्हणतेत बरी हाय. त्यांचं काय, ते म्हणतीलच."

हरणी ही राठोडांची शेळी. पण ती राठोडांकडं राहत नाही. निम्म्या वाट्यानं दिलेली आहे. म्हणजे शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्यानं, आणि होतील ती पिल्लं दोघांत निम्मी. ज्ञानबा आणि नर्मदाबाई हे मेंढरं-शेळ्या राखणारं घर, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत. त्यांची पोरगी सीमा कुलदीपच्याच बॅचला होती. त्या घरात या शेळीला काबरी म्हणत. जिवनबाईच्या मते काबरी नावाची शेळी जगात नव्हती. नर्मदाबाईच्या मते, जी चारा घालते तिनं ठेवलेलं नाव खरं, बाकी सगळं हौस. या विषयावर दोघी पिल्लांच्या वाटणीपेक्षा जास्त वेळा भांडल्या होत्या.

कुलदीप गोठ्यापाशी उभा होता. शेळी त्याच्याकडं बघत काहीतरी चघळत होती. एक वस्तू. दोन नावं. कुलदीपच्या अंगावर काटा आला. पुण्यातल्या कंपनीत त्याला कधी असं झालं नव्हतं.

"काकू," तो म्हणाला, "शेळी एक दिवस क्लासला पाहिजे."

"काहून हो सर?" नर्मदाबाईनं हातातला विळा खाली ठेवला. "पोरीला शिकवून झालं, आता काबरीला शिकवून राहिले का?"

"शिकवायची नाही. दाखवायची आहे."

"कुणाला? पावणे येऊन राहिले तिला बघायला?"

शेवटी शेळी मिळाली, पण ज्ञानबा सोबत येणार या अटीवर. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर पुढं प्रोग्रामर, मागं फेटा बांधलेला ज्ञानबा, आणि ज्ञानबाच्या मांडीवर मेमरीतली वस्तू, अशी वरात जवळा बाजारला निघाली. रस्त्यात प्रत्येकानं विचारलं, "विकायला का?" कारण तो बाजाराचा दिवस होता. कुलदीपनं प्रत्येकाला सांगितलं, "नाही, रेफरन्सला." पुढं कुणी काही विचारलं नाही. ज्ञानबा बाजारात उतरून ओळखीच्या माणसांत जाऊन बसला.

शेळी जिना चढली, वर्गात आली आणि सगळ्यात आधी भिंतीवरचा 'संगणकाची रचना' हा तक्ता खाली ओढून खाल्ला. मेमरीचा भाग तिनं शेवटी खाल्ला. कुलदीपनं तिच्या गळ्यात दोन दावी बांधली, एक लाल, एक निळं.

"लाल दावं म्हणजे हरणी. निळं म्हणजे काबरी. दावं म्हणजे शेळी नाही. दावं आपल्याला शेळीपर्यंत नेतं. व्हेरिएबल हे असं दावं आहे."

  प्रज्ञेशनं वहीत काहीतरी लिहिलं, आणि तो याआधी वहीत कधी लिहिताना दिसला नव्हता.

"आता फंक्शन. फंक्शन म्हणजे दुसऱ्याला काम सांगणं. सीमा, तू फंक्शन. मी तुला शेळी उचलून देतो का? नाही. फक्त दावं देतो. हिला खाली ने आणि हिच्यात काहीतरी बदल कर. कोणताही."

सीमा निळं दावं धरून खाली गेली. खताच्या दुकानात पोत्यांवर नंबर टाकायचा जांभळा रंग होता. ती बाजारात वाढलेली पोरगी. शेळीत बदल करायचा म्हणजे काय करायचं, हा प्रश्न तिला पडला नाही. तिनं कुंचला बुडवला, पाठीवर एक आडवा पट्टा मारला आणि शेळीला वर घेऊन आली.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. जनावराच्या बाजारात व्यापारी शेळी घेतो तेव्हा तिच्या पाठीवर आपल्या रंगाचा पट्टा मारतो. मग त्याचा माणूस येतो आणि त्या रंगाची सगळी जनावरं कुणाला न विचारता गाडीत भरतो. विचारत बसला तर बाजार रात्रीपर्यंत उठायचा नाही. कोणाचा रंग कोणता हे त्या त्या दिवशी खाली बाजारातच कळतं. त्या दिवशी जांभळा रंग गोपीचंद व्यापाऱ्याचा होता. कुलदीप बरीच वर्षं पुण्यात राहिला होता. तिथं शेळ्यांना पट्टे मारायची पद्धत नाही. त्याला फक्त एक यशस्वी फंक्शन दिसलं.

"सीमानं काबरीला पट्टा मारला," तो म्हणाला.  "हरणीवर पट्टा आला का?"

"आला!" सगळा वर्ग.

"का?"

"शेळी एकच हाय, सर!"

इथं थांबला असता तर कुलदीप आज प्रोग्रामर असता. पण शिकवणारा माणूस पोरांना समजलं की थांबत नाही. पोरांना समजलं या आनंदात तो आणखी एक उदाहरण देतो.

"आता समजा, हरणी हे दावं सोडलं." त्यानं लाल दावं काढलं. "शेळी आहे?"

"हाय. काबरीचं दावं हाय की."

"आता तेही सोडलं." त्यानं निळंही काढलं. "आता हिच्यापर्यंत नेणारं एकही दावं उरलं नाही. अशी वस्तू मेमरीत पडून राहत नाही. सिस्टीमकडं त्यासाठी गार्बेज कलेक्टर असतो. तो आपोआप येतो आणि कुणाला न विचारता तिला उचलून नेतो." तो फळ्याकडं वळून चित्र काढू लागला.

"कधी येतो, सर?" प्रज्ञेशनं विचारलं.

"ते आपल्या हातात नाही. त्याच्या मर्जीनं येतो."

चित्र जमत नव्हतं. पुसून पुन्हा काढेपर्यंत जरा वेळ गेला. खालून गाडीचा आवाज आला. प्रज्ञेश खिडकीपाशी जाऊन उभा राहिला होता.

"आला, सर," तो म्हणाला.

खाली रस्त्यावर लुंगीवाला एक माणूस जिना उतरून गेलेली जांभळ्या पट्ट्याची शेळी पिकपमध्ये चढवत होता. त्यानं फळी लावली, गाडीवर थाप मारली आणि पिकप निघाला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून. कुलदीपच्या आयुष्यातल्या या पहिल्या टाळ्या, आणि त्या घ्यायला तो थांबू शकला नाही.

बाजारातून ज्ञानबाला उचलून तो पिकपच्या मागं लागला. गाडी नांदेडच्या अंगानं गेली, एवढंच कळलं होतं.  मागच्या सीटवरून ज्ञानबा म्हणाला, "सर, सीमाचा फोन आला व्हता. शेळी कलेक्टरनं नेली म्हणती. आता इतक्या मोठ्या माणसाला आपली काबरी कशाला लागती?"

कुलदीपनं गाडी आणखी जोरात पळवली. त्या एका दिवसात त्याचं पुष्कळ काही समजावून झालं होतं.

वारंगा फाट्यावर पिकप उभा होता. गोपीचंद हॉटेलात खिचडी खात होता. वारंगा फाट्यावरून खिचडी न खाता पुढं जाणारा व्यापारी अजून जन्माला यायचा आहे, आणि कुलदीपच्या नशिबातला तेवढाच एक चांगला भाग.

"माझा पट्टा, माझं जनावर," गोपीचंद खिचडीवरून नजर न काढता म्हणाला.

"पट्टा आमच्या फंक्शननं मारलाय."

"कोणत्या फंक्शनात? लग्नाच्या?"

कुलदीपनं सुरुवातीपासून सगळं सांगितलं. गोपीचंदनं ताट संपवलं, हात धुतले आणि माणसासारखा तोडगा काढला. "नाव घेऊन हाक मारा. जी ओरडली ती तुमची."

कुलदीप गाडीमागं गेला. "हरणी! ए हरणी!"

आतल्या तमाम शेळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा आपापल्या विचारात गेल्या. हरणी म्हणून त्यांच्या शेळीला कधी कुणी हाक मारलीच नव्हती. ज्या घरात ते घेतलं जायचं तिथं ती राहत नव्हती. ज्ञानबानं बघून घेतलं, मग मोबाईल काढला, नर्मदाबाईला लावला, स्पीकर मोठा केला आणि आत धरला.

"काबरेऽऽ! मुडदा बशिवला तुजा! कुठं जाऊन बसलीस गं भवाने!" नर्मदाबाईचा आवाज हायवेभर घुमला.

आतून तात्काळ उत्तर आलं. दीर्घ आणि तक्रारीचं.

"ही काबरी," गोपीचंद म्हणाला. "घेऊन जा. पण तुमी तर हरणी म्हणून राहिले व्हते. ती कुठं हाय?"

"तीच."

"हे असं चालत न्हाई. आज काबरी नेताल, उद्या हरणी मागायला येताल. मी धंद्याचा माणूस हाय." त्यानं मोबाईल काढून रेकॉर्डिंग लावलं. "म्हणा. माझी हरणी या गाडीत न्हाई."

शेळी आता ज्ञानबाच्या काखेत होती. गाडीत नव्हती. दमलेल्या माणसाला जे वाक्य काटेकोरपणे खरं असतं ते बोलून टाकावंसं वाटतं. कुलदीप म्हणाला, "माझी हरणी या गाडीत नाही." गोपीचंदनं व्हिडिओ त्याला पाठवलासुद्धा. हिशोबाला चोख माणूस.

ते परत आले तेव्हा पोलीस चौकीसमोर दोन बायका दोन टोकांना बसलेल्या होत्या. शेळी गेल्याचं कळताच दोघींनी आपापली तक्रार दिली होती. जिवनबाईची हरणी गेली होती. नर्मदाबाईची काबरी. वर्णन एकच: तांबडी, पांढरे ठिपके, डावं शिंग वाकडं.

"एकाच वर्णनाच्या दोन शेळ्या," जमादार गंभीरपणे म्हणाले. "टोळीचं काम आहे." मग त्यांना शेळी दिसली. "ही कोण?"

"काबरी," ज्ञानबा म्हणाला.

"काबरी मिळाली. निकाली. हरणी?"

"साहेब, हीच," कुलदीप म्हणाला.

"हीच म्हणजे?"

कुलदीपनं खुर्ची ओढली. "साहेब, तुम्हाला घरी काय म्हणतात?"

"बंडू."

"आणि इथं?"

"जमादार साहेब."

"आता बंडू हरवला अशी घरच्यांनी तक्रार दिली, आणि जमादार साहेब सापडले, तर?"

जमादारांनी खरोखर विचार केला. "तर बंडूला शोधायला जमादारालाच पाठवावं लागंल. दुसरं माणूस हाय कोण इथं?"

एवढ्यात ज्ञानबाला सगळ्यांचं भलं करायचं सुचलं. "साहेब, सगळं व्हिडिओत हाय," तो म्हणाला. व्हिडिओ लावला गेला. चौकीत कुलदीपचा थकलेला आवाज ऐकू आला: माझी हरणी या गाडीत नाही. जमादारांनी तो दोनदा ऐकला.

"तुमीच म्हणून राहिले, हरणी सापडली न्हाई. आमी कसं म्हणावं सापडली म्हणून? तपास चालू राहील. सापडली की तिलाही हजर करा. दोघींला एकदमच आणा, म्हणजे गोंधळ न्हाई."

कुलदीपनं आशेनं नर्मदाबाईकडं पाहिलं. तिनं 'एकच' एवढा एक शब्द बोलायचा होता. तिनं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, जांभळा झालेला तळवा लुगड्याला पुसला आणि जिवनबाईकडं वळली.

"जिवनबाई, माझी काबरी घावली, देवाची कृपा. तुमच्या हरणीचं आयकून लई वाईट वाटलं बगा. असं गरीब जनावर व्हतं."

याडीनं त्या रात्री कुलदीपपुढं भाकरीचं ताट आदळलं. पुनमचंद म्हणाला, "मी म्हणलो व्हतो, मामाचं उदाहरण चांगलं व्हतं."

शनिवार आला. अमरसिंग सर वर्गात खुर्ची ओढून बसले. कुलदीप फळ्यापाशी उभा. त्याला खात्री होती. पोरांना सगळं समजलं होतं, कायमचं.

"व्हेरिएबल म्हणजे काय?" अमरसिंग सरांनी विचारलं.

"दावं!" वर्ग एका सुरात.

"आं? आणि मेमरीत काय असतं?"

"शेळी!"

"फंक्शन?"

"सीमा!" सीमा उठून उभी राहिली.

अमरसिंग सरांनी कुलदीपकडं सावकाश पाहिलं. "एकाच ऑब्जेक्टला दोन व्हेरिएबल, आणि एकानं बदल केला, तर काय होतं?"

"पट्टा दोघींवर बी येतो, सर!"

"आणि दोन्ही सोडले तर?"

"वारंग्याला जाती!" प्रज्ञेश म्हणाला, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

प्रत्येक उत्तर बरोबर होतं. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात हीच उत्तरं बरोबर धरली गेली असती, फक्त तिथं हे जाणणारा माणूस खुर्चीवर असता. इथं तो फळ्यापाशी उभा होता.

"राठोड," अमरसिंग सर उठले. "हे प्रोग्रामिंग न्हाई. हे पशुसंवर्धन आहे. सोमवारपासून सकाळी सातला या. चावी खाली दुकानात राहते."

त्याच संध्याकाळी सीमानं स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम मोबाईलवर पाठवला. कुलदीपनं तो वरून खाली वाचला, खालून वर वाचला. एकही चूक नव्हती. मूळ वस्तूला हात न लावणारी, खरोखरची वेगळी कॉपी कशी करायची तेही तिनं आपलं आपण शोधलं होतं. ऑब्जेक्टचं नाव काबरी होतं.

कुलदीप आता सातला येतो. टायपिंगच्या पोरांना सरावाला काहीतरी मजकूर लागतो, तो त्यानंच तयार करून दिला आहे. खोलीभर खडखड चालते, अमरसिंग सर घरी समाधानानं झोपलेले असतात, आणि रोज त्या मजकुराच्या स्वच्छ, स्वतंत्र, एकमेकींशी संबंध नसलेल्या प्रती तयार होतात. चांगली उतरलेली प्रत तो संबंधितांना पाठवतो. मजकूर असा:

प्रति, मा. संबंधित अधिकारी.
विषय: एक शेळी एकच समजणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, श्रीमती जिवनबाई पुनमचंद राठोड यांची हरवलेली हरणी व श्रीमती नर्मदाबाई यांची सापडलेली काबरी या दोन नावांची शेळी एकच आहे. तरी काबरी सापडली त्याच क्षणी हरणीही सापडली असे पूर्वलक्षी प्रभावाने धरण्यात यावे. तसे धरणे नियमात बसत नसल्यास शासनाने काबरीबरहुकूम परंतु काबरीपासून स्वतंत्र अशी एक हरणी तयार करून द्यावी, जेणेकरून एकीस पट्टा मारला असता तो दुसरीस लागणार नाही.

तसेच कुलदीप पुनमचंद राठोड, टायपिंग शिक्षक, आणि कुलदीप पुनमचंद राठोड, प्रोग्रामर, हे दोन्ही इसम एकच असून त्यांपैकी कोणीही हरवलेला नाही, असा सही-शिक्क्याचा दाखला अर्जदारास लवकरात लवकर मिळावा, ही नम्र विनंती.